फुंकणीच्या गाडीतला अख्खा दाणा

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते तांदूळ निवडण्याचं. अष्टमीची दुपार होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, म्हणजे आमच्या पान्या-हातोड्यांची पूजा, आणि पूजेला अक्षता हव्यात. अक्षतेचा दाणा अख्खा लागतो. टोक मोडलेला चालत नाही. लढाई संपली होती तरी तांदूळ रेशनच्या चिठ्ठीवरच मिळत होता, आणि तो तरी कसला, नुसती कणी. त्यात अख्खे दाणे शोधायचे म्हणजे लग्नाच्या पंगतीत उपाशी माणूस शोधण्यासारखं.

परात मध्ये ठेवून ती एका बाजूला बसली, दोऱ्यानं बांधलेला चष्मा लावून मी दुसऱ्या. मी एक दाणा वाटीत टाकायचा आणि तिनं तो बाहेर काढायचा.

"याचं नाक तुटलंय."

"मला तर दिसत नाही."

"तुम्हाला कधी दिसलंय? दिसलं असतं तर सरदारसाहेबांची गाडी खोकली नसती."

"तो दाणा तुझ्या बाजूनं गेला होता."

"निवडला मी, टाकला तुम्ही."

हे आमचं दर खंडेनवमीला व्हायचं. लोकांच्या घरी आरती होते तसं. एकानं एक ओळ म्हणायची, दुसऱ्यानं दुसरी, आणि शेवटी कोणाचंच काही बदलायचं नाही. त्या दिवशीही तेवढं म्हणून झालं. तिनं वाटी उचलून उजेडात पाहिली, "पुरे होतील" म्हणाली, वाटी देवापाशी ठेवली आणि जरा पडते म्हणून आत गेली. दिवे लागायच्या आत ती संपली. छातीत कळ आली, मला हाक मारली, मी पोचलो तेव्हा हाक तेवढी शिल्लक होती. तुमच्या आधी जाईन असं ती नेहमी म्हणायची आणि म्हटलेलं खरं करायची तिला खोडच होती.

भेटायला येणारे म्हणतात, नाम घ्या, मन रमेल. मला नाम येत नाही. मी चौथीपर्यंत शिकलो, पुढचं शिक्षण गाडीखाली उताणं पडून झालं. मला त्या दाण्याची गोष्ट येते. ती सांगतो.

तेव्हा आम्ही लश्कर शहरात, दौलतगंजात एका खोलीत राहत होतो. खोली बरी होती, पाणी वाईट होतं. म्हणजे पाणी गोड, पण नळ गल्लीच्या तोंडाशी, आणि सगळ्या गल्लीला मिळून तो एक. पहाटे हंडे-कळश्यांची रांग लागायची. तिथं बायका जे बोलायच्या ते मी वर्कशॉपातही ऐकलं नाही. माझी बायको भांडणात कोणाला हार जायची नाही, तरी रोज घरी येऊन हंडा आपटायची. त्या हंड्याला पोचे इतके की त्यात पाणी कमी आणि पोचे जास्त मावायचे. तिला दागिना नको होता, लुगडं नको होतं. तिला घरात नळ हवा होता. एवढंच एक तिनं आयुष्यात मागितलं.

मी सरदारसाहेबांकडे गाड्यांचा मिस्त्री होतो. त्यांची हवेली फूलबागेकडच्या रस्त्याला. गाडीखान्यावर दोन खोल्या होत्या आणि त्यात नळ होता, कारण खाली गाड्या धुवायला पाइप आणलेला, तोच पुढे वर नेला होता. खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. ही एकदा माझा डबा घेऊन आली, वर गेली, नळ सोडून पाहिला, बंद केला आणि खाली आली.  त्या दिवसापासून ती डबा घेऊन रोज यायला लागली.

मग ती गाडी आली. कुठल्याशा दुसऱ्या रियासतीनं विकायला काढलेली, विलायती, लांबच लांब, नाकाडाच्या बाजूनं चकचकीत नळ्या बाहेर आलेल्या. तिच्या इंजिनाला पुढे एक यंत्र होतं. साधी गाडी आपला श्वास आपण घेते. हिच्यात पाय तळापर्यंत दाबला की ते यंत्र इंजिनाच्या तोंडात हवा फुंकतं, आणि गाडी अशी काही ओरडत सुटते की कुत्रीसुद्धा मागे धावायचं सोडून विचार करत बसतात. साहेब त्या यंत्राला इंग्रजीत काहीतरी म्हणायचे. मी घरी सांगितलं तर ही म्हणाली, "म्हणजे फुंकणी." चुलीत फुंकतात ती. त्या दिवसापासून हवेलीत सगळे तिला फुंकणीची गाडी म्हणू लागले. शेवटी साहेबसुद्धा.

पण फुंकणी चालत नव्हती. पाय दाबला की गाडी दोनदा खोकायची आणि रुसल्यासारखी बसायची. त्याचं कारण सोपं होतं. फुंकणीची हवा जिथं जाते तिथंच पेट्रोलची छोटी वाटी असते. वरून हवेचा दाब आला की पेट्रोल पुढे जायचं सोडून नळीत मागे पळतं. मग पेट्रोललाही मागून ढकलायला पाहिजे, आणि फुंकणीपेक्षा जरा जास्तच जोरानं. त्यासाठी टाकीत हवा भरून ठेवायचा हातपंप लागतो, दाब दाखवणारं काट्याचं गेज लागतं, दाब जास्त झाला तर सोडून देणारा व्हॉल्व्ह लागतो, आणि भरलेली हवा पंपात परत येऊ नये म्हणून पंपाच्या बुडाशी एकाच बाजूनं उघडणारा दुसरा छोटा व्हॉल्व्ह लागतो. आधीच्या मालकाच्या कोणा शहाण्यानं हे सगळंच काढून टाकलं होतं. विकलं असेल. साहेबांनी ते सामान मुंबईहून मागवलं.

मागवताना म्हणाले, "मिस्त्री, दसऱ्याच्या सवारीत ही गाडी मला दरबारच्या हत्तीमागे चालवायची आहे. झालं तर वरच्या खोल्या तुझ्या. नाही झालं तर सामानापाठोपाठ मुंबईचा मिस्त्रीही मागवीन, आणि मग खोल्या त्याला द्याव्या लागतील."

मी हे घरी सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. म्हणाली, "मुंबईच्या माणसाला आपलं पाणी सोसायचं नाही."

सामानाची पेटी आली तेव्हा साहेब शिकारीला गेलेले. ड्रायव्हरनं स्टेशनवरून पेटी थेट माझ्या खोलीवर आणली. हा ड्रायव्हर आधी रिसाल्यात घोडेस्वार होता, कंपू नावाच्या जुन्या छावणीच्या वस्तीत राहायचा, मिशा अशा की गल्लीत वळताना आधी मिशा यायच्या. गाडी थांबवताना अजून तो लगाम ओढल्यासारखा मागे रेलायचा. त्यानं पेटी ठेवली आणि मी पेचकसानं तिचे स्क्रू काढणार, तोच ही म्हणाली, "थांबा. नवी वस्तू घरात आली, पूजा नको का?"

"अगं, ही गाडीची वस्तू आहे."

"मग काय झालं? गाडी नवी नाही, वस्तू तर नवी आहे."

ड्रायव्हर म्हणाला, "भाभी सही कहती हैं." त्याला पूजेनंतरचा गूळ-खोबऱ्याचा प्रसाद दिसत होता.

पाट मांडला. पाटावर पितळी पंप, गेज, दोन्ही व्हॉल्व्ह, नट, वायसर. सगळं कसं झगझगीत, जणू नवरीचं रुखवत. तिनं एकेकाला हळद-कुंकू लावलं. मी अक्षता वाहिल्या. ती म्हणते मी मूठभरून उधळल्या. मी चिमटीनं वाहिल्या होत्या. आणि पंपाचं उघडं तोंड तिच्याकडे होतं, माझ्याकडे नव्हतं, हे मी आजही सांगतो. तिनंही दोन दाणे टाकले होते. ते कुठं गेले ते ती कधी सांगत नाही.

नाही. सांगत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून बसवायला घेतलं. आधी गेज. ते समोरच्या लाकडी फळीत बसवायचं, आणि फळी अशी पॉलिशची की तिच्यात तोंड पाहून दाढी करावी. शिकारीहून परतलेले साहेब बाजूला उभे. म्हणाले, "भोक चुकलं तर मला सांगू नकोस, सरळ काशीला जा." गेजचं माप घ्यायला गोल काही मिळेना. हिच्या कुंकवाच्या करंड्याचं झाकण बरोब्बर बसलं. ते फळीवर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवली. झाकण उचललं तर फळीवर कुंकवाचं लालभडक कडं. मला घाम फुटला. साहेबांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बरं झालं, गाडी सवाष्ण झाली." मग मी भोक पाडलं. गेज कोनाड्यात गणपती बसावा तसं बसलं.

पंपावरून साहेबांचं आणि ड्रायव्हरचं जुंपलं. ड्रायव्हरचं म्हणणं, पंप डाव्या हाताशी हवा, लगाम तिथंच असतो. साहेबांना तो आपल्या बाजूला हवा होता, कारण त्यांना स्वतः हवा भरायची होती. मोठ्या माणसांना खेळणं लागतंच. शेवटी साहेबांच्या बाजूला बसवला. ड्रायव्हर दिवसभर माझ्याशी बोलला नाही. मी काय करणार? खोल्या ड्रायव्हर देणार नव्हता.

दाब सोडणारा व्हॉल्व्ह इंजिन आणि बैठक यांच्या मधल्या पत्र्यावर बसवला. धुराच्या नळ्या उजवीकडे तापतात म्हणून हा डावीकडे, वर, जिथं हाताला पत्रा गार लागला तिथं. पेट्रोल आणि आच यांना शेजारी राहू देऊ नये, दोघंही बिचारे एकेकटे चांगले असतात. मग नळ्या. तांब्याची नळी लाल करून पाण्यात बुडवली की मऊ होते, हवी तशी वळते. इंजिन थरथरतं आणि गाडीचा सांगाडा थरथरत नाही. मधली नळी सरळ ठेवली तर एक दिवस कट्कन तुटणार. म्हणून मध्ये एक वेटोळं द्यायचं, म्हणजे थरथर त्यात जिरते. मी वेटोळं दिलं तेव्हा ही डबा घेऊन आली होती. वाकून बघून म्हणाली, "जिलबी पाडलीत. पाकात कधी टाकणार?"

नळी सांगाड्याला पट्ट्यांनी धरायची, पण पट्टी नळीला घासू नये म्हणून मध्ये चामडं हवं. चामडं मी तिच्या जुन्या चपलेचं कापलं. जुनी म्हणजे मला वाटलं जुनी. त्यावर तिचं वेगळं मत होतं, आणि ते तिनं साहेबांच्या देखत सांगितलं नाही, एवढे तिचे उपकार.

मग सांधे तपासायचे. पंप मारून हवा भरायची आणि प्रत्येक नटावर फेस लावायचा. हवा निसटत असली तर तिथं बुडबुडा येतो. फेसाला मी रिठे मागितले.

"डोकं धुवायला ठेवलेत ते."

"गाडीचंच डोकं धुवायचंय."

"चप्पल घेतलीत, करंडा घेतलात, आता रिठे. तुमच्या त्या गाडीला म्हणावं, माझी सवत हो म्हणजे सुटलं."

रिठे मात्र दिले, आणि फेसही तिनंच करून दिला. एकाही सांध्यावर बुडबुडा आला नाही. काटा चढला आणि चढला तिथं उभा राहिला. साहेबांना दाखवलं. साहेबांनी हातावर टाळी मारली. ती सप्तमी होती. घरी आलो तर हिनं भांडी बांधायला काढलेली.

आता इथं काय झालं असणार ते आधीच सांगून टाकतो. तो दाणा पंपाच्या आत तेलाला चिकटून निवांत बसलेला होता. सप्तमीला त्यानं कोणाला त्रास दिला नाही. तो नवमीची वाट बघत होता.

खंडेनवमीला आम्ही दोघं सकाळीच हवेलीत गेलो. गाडी धुतली, हिनं झेंडूचा हार केला. खाली पांढरी चादर, चादरीवर माझे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं, हातोडी, पक्कड, पेचकस, कानस. हळद, कुंकू, फुलं, नारळ. पूजा झाली. आमच्यात खंडेनवमीला हत्यार एकदा पूजेला बसलं की दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. सरदाराची तलवार असो की मिस्त्रीचा पाना, नियम एकच.

तेवढ्यात साहेब त्यांच्याकडची शस्त्रपूजा उरकून आले. कपाळाला गंध, खुशीत. "चला, फूलबागेपर्यंत एक चक्कर मारू." आत बसले आणि आपला लाडका पंप मारू लागले. काटा चढला. साहेबांनी पंपाच्या मुठीवरचा हात काढला.

मूठ आपली आपण वर यायला लागली.

सावकाश. सकाळी उठलेल्या म्हाताऱ्या माणसासारखी. तिकडे मूठ वर, इकडे काटा खाली. ड्रायव्हर दोन पावलं मागे गेला आणि त्यानं हात जोडले. "मिस्त्रीजी, ये तो अपने आप उठ रहा है. देवी आ गयी."

देवी कसली. बुडाचा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नव्हता, टाकीतली हवा पंपात परत येत होती आणि मुठीला वर ढकलत होती. साहेबांनी तरी ड्रायव्हरला गाडी काढायला लावली, फाटकाबाहेर त्यानं पाय दाबला. गाडी खोकली. पुन्हा खोकली. फाटकातल्या पहारेकऱ्यानं तोंड फिरवलं ते हसण्यासाठीच.

साहेब उतरले. रागावले नाहीत. त्यांनी रागवायला हवं होतं. नुसतं म्हणाले, "मिस्त्री, उद्या सवारी आहे. मुंबईच्या मिस्त्रीला तार करावी म्हणतो, आजच."

"सरकार, पाच मिनिटांचं काम आहे," असं म्हणून मी चादरीकडे वळलो.

ती चादरीच्या पुढ्यात बसली होती. पदर सावरून, मांडी घालून, दरबारात बसावं तशी.

"सरक," मी म्हटलं.

"नाही."

"एकच पाना हवाय."

"एकाला हात लावला काय आणि सगळ्यांना लावला काय."

"अगं, खोल्या हव्यात ना तुला?"

"हव्यात."

"नळ हवाय ना?"

"हवाय. नळ वर आहे, पळून जात नाही. पान्याला आज हात नाही."

मी साहेबांकडे पाहिलं. मालक आहेत, सांगतील तिला. साहेबांनी घसा साफ केला. म्हणाले, "बाई, एवढी अडचण आहे, तर थोडं..."

ही उभी राहिली, पदर डोक्यावर ओढला आणि खाली बघून बोलली. बोलली मात्र ऐकू जाईल असं. "सरकारांच्या तलवारी पूजेत आहेत ना? आत्ता फाटकावर गनीम आला तर सरकार पूजेतली तलवार उचलतील, तेव्हा मीपण पाना देईन."

साहेबांनी फाटकाकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "गनीम तर काही आलेला नाही." आणि हवेलीत निघून गेले. जाता जाता म्हणाले, "तार उद्या दहाला करतो." तेवढी मुदत त्यांनी तिला दिली, मला नाही.

मी चिडलो होतो. नट बोटांनी फिरवून पाहिला, बोटं सोलली, नट हसला. मग आठवलं, कंपूत एक मुसलमान मिस्त्री आहे, त्याच्याकडे खंडेनवमी नसते, त्याचा पाना मागून आणू. पाना पूजेतला नाही, मग हरकत कसली? उन्हात तंगडतोड करत गेलो. दुकान बंद. तो बाहेर बाजेवर पडून ऊस खात होता. म्हणाला, "भाई, सारा लश्कर पूजा में बैठा है. गाहक ही नहीं, तो दुकान किसके लिए खोलूँ?" पाना मागितला तर कळलं की त्याच्या शेजारच्या सुतारानं मोठ्या प्रेमानं त्याचीही हत्यारं आपल्या पूजेत मांडून घेतली होती. हा म्हणाला, "कल ले जाना. आज मैं भी हाथ नहीं लगा सकता, पड़ोसी बुरा मान जायेगा."

परत आलो. ती तिथंच होती. हार संपला होता तरी दुसरा करत होती, हात रिकामे राहू नयेत म्हणून. मी गाडीच्या पायरीवर बसलो.

"मिळाला?"

"नाही."

"बरं झालं. जेवा." तिनं डबा उघडला. पुरणपोळी होती. माणूस चिडलेला असला तरी पुरणपोळीवर चिडता येत नाही. खाता खाता मी पाहिलं, तिनं झेंडूच्या एकाच फुलात तिसऱ्यांदा दोरा घातला. तेव्हा मला समजलं की नळ तिला माझ्यापेक्षा जास्त हवा होता आणि भीती तिलाही माझ्यापेक्षा जास्त वाटत होती. तरी ती सरकली नाही. मीही मग पुन्हा मागितलं नाही.

दसऱ्याला सूर्य उगवताना ती न्हाऊन चादरीपुढे हजर. उत्तरपूजा केली, नारळ हलवला, आणि नेमका मला हवा तो पाना उचलून स्वतःच्या हातानं माझ्या हातात दिला. कोणता हवा ते तिनं काल माझ्या नजरेवरून ओळखून ठेवलं होतं.

"घ्या. आता दाखवा काय दाखवायचं ते."

पंपाचं बूड खोललं. आत बारीक स्प्रिंग, तिच्याखाली चकती, आणि चकतीच्या कडेला अडकलेला एक लाल दाणा. मी तो चिमट्यानं काढून तळहातावर घेतला. कुंकू लावलेला तांदूळ. मुंबईत असला माल मिळत नाही.

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं दाणा माझ्या हातावरून उचलला, उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. मला वाटलं आता तरी शरमेल.

"बघा," ती म्हणाली, "एवढ्या दाबाखाली राहिला, पण तुटला नाही. निवडलेला आहे."

"तुझ्या निवडलेल्या दाण्यानं माझी नोकरी गेली असती."

"निवडला मी, टाकला तुम्ही."

आमच्या त्या आरतीतली ही ओळ अशी जन्माला आली. दाणा पुरावा म्हणून जपून ठेवावा असं माझ्या मनात होतं. तिनं तो सरळ अक्षतांच्या वाटीत टाकला आणि वाटी हलवली. झालं. कोर्टात जायची सोय संपली.

चकती पेट्रोलनं धुतली, बसवली, नट आवळला. साहेब आले, त्यांनी पंप मारला. हिनं आत जाऊन चहा टाकला. चहा झाला, पिऊन झाला, कपबशा विसळून झाल्या, तरी काटा हलला नाही. मूठ खाली ती खालीच. ड्रायव्हर जरा हिरमुसला. त्याला देवी हवी होती.

आणि सवारीत काय झालं? काही नाही. पुढे हत्ती. हत्तीच्या मागे गाडी जाणार ती हत्तीच्या चालीनंच. फुंकणी चालायला पाय तळापर्यंत दाबावा लागतो, इथं पाय ठेवायचीसुद्धा गरज नव्हती. साहेबांच्या मांडीशी पंप, समोर गेज, काटा ताठ, आणि गाडी घोड्याच्या लिदीतून वाट काढत चाललेली. एवढ्यासाठी मी चप्पल, करंडा, रिठे आणि बोटांची कातडी खर्ची घातली होती. मी गाडीत मागे बसलो होतो, ही गर्दीत उभी होती. गाडी पुढ्यातून गेली तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मान दुसरीकडे वळवली. नाहीतर भर सवारीत मला हसू फुटलं असतं.

शमीपूजन आटोपून परत येताना रस्ता मोकळा मिळाला. साहेबांनी ड्रायव्हरला इशारा केला. ड्रायव्हरनं सवयीनं आधी टाच मारली, मग पाय दाबला. गाडी ओरडली. कशी ते लिहिता येत नाही, पण मागे राहिलेल्या हत्तीनं सोंड वर करून तिला उत्तर दिलं. साहेब हसून हसून पंपावर वाकले. गाडी खोकली नाही.

साहेबांनी सोनं म्हणून मला आपट्याचं पान दिलं, पाठ थोपटली आणि खोल्यांचं साफ विसरले. मोठ्या माणसांचं असंच असतं. मला मागायची लाज वाटली. हिला नाही वाटली. एकादशीला सकाळी ती हातगाडीवर संसार घालून हवेलीत आली आणि ड्रायव्हरच्या मदतीनं सगळं वर चढवलं. साहेबांनी गच्चीतून विचारलं, "वर कोण आलंय?" ती खालून म्हणाली, "दाब टिकवायला माणसं जवळच हवीत, सरकार." साहेब हसले आणि आत गेले. किल्ली संध्याकाळी आली. तोवर तिनं नळाला हळद-कुंकू लावून चार दाणे वाहिलेही होते. तो नेम तिनं मग मोडला नाही. रोज सकाळी पाणी यायच्या आधी नळाला बोट लावायची, दाणा वाहायची आणि मग हंडा लावायची. मी म्हणायचो, "नळात दाणा अडकेल." ती म्हणायची, "तुम्ही टाकू नका, म्हणजे अडकणार नाही."

ती गेली त्या रात्रीचं मी काही सांगत नाही. मुलगी लांब दिलेली, तिला तार गेली होती. सकाळी न्यायचं ठरलं. हवेलीतल्या बायका आल्या होत्या. उजाडायच्या सुमाराला त्यातली एक म्हणाली, हिला आंघोळ घालायला पाणी लागेल, विहिरीवरून आणवते.

मी म्हटलं, "विहिरीचं नको. नळाला येईल आत्ता."

मी उठलो. देवापाशी वाटी होती, आम्ही आदल्या दुपारी निवडलेली. करंडा तिथंच होता. नळाला हळद लावली, कुंकू लावलं. बाई मागून म्हणाली, "अहो, सुतक आहे. असलं काही करायचं नसतं."

"मला असेल," मी म्हटलं. "नळाला कसलं सुतक."

वाटीतला एक दाणा घेतला. उजेडात धरून दोन्ही टोकं पाहिली. अख्खा होता. चिमटीनं वाहिला. मग नळ खोकला, आधी हवा आली, मागून पाणी आलं, आणि मी तिचा पोचे आलेला हंडा खाली लावला.